वाद घालावा की सोडावा?

होस्टेलवर चार वर्षं काढलेल्या माणसाला वाद म्हणजे काय हे शिकवायला नको. पंखा चारवर की दोनवर इथून सुरुवात होते, मग मेसची भाजी, मग क्रिकेट, मग राजकारण आणि शेवटी देव आहे की नाही. पहाटे तीनला वाद संपतो. संपतो म्हणजे दोघांपैकी एकाला झोप लागते.

मी या कलेत आमच्या विंगमध्ये चांगलाच नावाजलेला. समोरचा काय म्हणतोय ते संपायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. पण आज लिहितोय ते मी जिंकलेल्या एका वादाबद्दल. तो आठवला की अजून कानशिलं तापतात. त्या निमित्ताने काही जुन्या गोष्टी वाचल्या, त्याही सांगतो.

मी भोरचा. माझा रूम पार्टनर नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. घर ख्रिस्ती, तीन पिढ्या चर्चला जाणारं. बोलायला कमी, अभ्यासाला पक्का. थर्ड इयरला आमचा सर्व्हे कॅम्प वेल्हे तालुक्यात पानशेतच्या बाजूला होता. (२०२४ साली शासनाने या तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं, पण आमच्या घरी अजून वेल्हेच म्हणतात.) डिसेंबरची थंडी, गावच्या शाळेत मुक्काम, सकाळी सातला ऑटो लेव्हल आणि स्टाफ खांद्यावर घेऊन बाहेर.

आमच्या ग्रुपला लेव्हलिंगचं साधारण एक किलोमीटरचं लूप दिलं होतं. शाळेच्या पायरीपासून निघायचं, रस्त्यावरच्या मोरीवर तात्पुरता बेंचमार्क रंगवायचा आणि परत पायरीवर येऊन मिळवायचं. पुस्तकातलं सूत्र धरलं तर एवढ्या अंतराला बारा मिलिमीटरपर्यंत चूक चालते. आमची आली एकशे ऐंशी!

रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली चर्चा सुरू झाली. पार्टनर शांतपणे म्हणाला, "एकशे ऐंशीला नऊने भाग जातो. कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिले गेलेत." इन्स्ट्रुमेंटवर तो होता, बुकिंग माझ्याकडे. त्याने १.५३० सांगितलं असेल आणि मी १.३५० लिहिलं असेल, तर बरोबर एवढाच फरक पडतो. मला मनात लगेच कळलं, कारण मोरीच्या अलीकडच्या स्टेशनवर मी बाजूच्या ग्रुपमधल्या पोरांशी गप्पा मारत होतो. पण सगळ्यांसमोर कोण कबूल करणार? मी उलट त्याच्यावरच चढलो. तुलाच वाचता येत नाही, तुझा बबल बघ, तुझा चष्मा बघ. तो म्हणाला, "उद्या सकाळी तेवढं एक स्टेशन पुन्हा घेऊ." मी म्हणालो, "तुमच्यात दुसरा गाल पुढे करतात ना? कर की मग! उगाच कशाला बोलतोस?"

सगळे हसले. तो काही बोलला नाही. वाद मी जिंकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हापशावर तोंड धुताना तो एकटाच माझ्याजवळ आला. रात्रीच्या टोमण्याचं अवाक्षर नाही. फक्त एवढंच म्हणाला, "ते रीडिंग तुझंच चुकलंय असं मला वाटतं. चल, दोघंच जाऊन घेऊन येऊ, कुणाला कळणार पण नाही." मी उडवून लावलं. नाश्त्याच्या वेळी तो आणखी एकाला घेऊन आला. मी तेव्हाही हललो नाही. शेवटी त्याने सगळ्या ग्रुपसमोर सांगितलं की हे लूप असं देणं बरोबर नाही. मतदान झालं, तो हरला. कुणालाच पुन्हा तो चढ चढायचा नव्हता. आम्ही दहा-बारा रीडिंगमध्ये थोडं थोडं इकडेतिकडे केलं, लूप 'जुळवलं' आणि फेअर लिहून दिलं. इंजिनियरिंगमध्ये याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मूळ फील्ड बुकात मात्र पार्टनरने त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवलं : हे स्टेशन पुन्हा घ्यावे.

माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, पण त्या बारा तासांत एक उलटसुलट गोष्ट घडली होती. जिथे गप्प बसायचं तिथे मी तोंड सोडलं आणि जिथे बोलायचं तिथे मी गप्प बसलो. त्याने नेमकं याच्या उलट केलं. त्याच्यावरचा टोमणा त्याने सोडून दिला, रीडिंग सोडलं नाही.

वर्ष गेलं. पुढच्या बॅचचा कॅम्प त्याच गावात लागला. त्यांना शाळेच्या पायरीवरून निघून मोरीवरच्या आमच्या लाल खुणेवर मिळवायचं होतं. ते मिळेना. दीड दिवस ती पोरं उन्हात तेच तेच अंतर चालली, सरांकडून बोलणी खाल्ली, इन्स्ट्रुमेंट बदलून पाहिलं. परत आल्यावर त्यांच्यातला एकजण फील्ड बुक घेऊन आमच्या रूमवर आला. रडकुंडीला आलेला. म्हणाला, "दादा, आमचं नक्की कुठे चुकतंय, बघता का?"

पार्टनरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात घातली. त्याने एक शब्द उच्चारला असता तर मी नक्की भांडलो असतो. तो बोलला नाही, म्हणूनच मला बोलावं लागलं. "तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते जुनं फील्ड बुक घेऊन सरांकडे गेलो. पेन्सिलची ओळ अजून तशीच होती. सर काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही, पण त्या पोरांच्या शीटवरचा शेरा त्यांनी बदलला.

त्या रात्री मी पार्टनरला विचारलं, "तू मला त्या वेळी उलट उत्तर का दिलं नाहीस?" त्याने कपाटातून आजीचं बायबल काढलं आणि नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय उघडून दिला. हे शलमोन राजाच्या नावाने ओळखलं जाणारं, व्यवहारी शहाणपणाचं पुस्तक. त्यातली चौथी आणि पाचवी ओळ लागोपाठ आहेत आणि दोन्ही एकमेकींना छेद देतात. पहिली सांगते, मूर्खाला त्याच्याच पद्धतीने उत्तर देऊ नकोस. लगेच दुसरी सांगते, दे.

मला हसू आलं. म्हटलं, हे तर आमच्या युनिव्हर्सिटीच्या परिपत्रकासारखं झालं! पण तो म्हणाला, "कारणं वाच." कारणं वाचली आणि गंमत कळली. उत्तर देऊ नकोस, कारण दिलंस तर तू त्याच्यासारखा होशील. उत्तर दे, कारण नाही दिलंस तर तो स्वतःला शहाणा समजत राहील. म्हणजे धोके दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या माणसांना आहेत. कोणता धोका मोठा, हे प्रसंग पाहून आपणच ठरवायचं. तिथे कोणतंही सूत्र नाही, त्यात आकडे घालून उत्तर निघत नाही. रात्रीच्या हशात पार्टनर माझ्याशी भिडला असता तर तो माझ्यासारखाच झाला असता. सकाळी तो बोलला नसता तर मी शहाणा ठरलो असतो आणि खुणेची उंची चुकीची राहिली असती. (तरी ती राहिलीच, ते सोडा.)

मग मला नाद लागला. मी ख्रिस्ती नाही आणि हा लेख कुणाला धर्म सांगायला लिहिलेला नाही. पण वादाबद्दल या परंपरेत किती बारीक विचार केलाय ते पाहून मी चकित झालो. आपल्याला वरवर एवढंच माहीत असतं की एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा. तो उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेच. पण योहानाच्या शुभवर्तमानात, चौकशीच्या वेळी एक शिपाई येशूला चापट मारतो, तेव्हा येशू त्याला सरळ विचारतो की मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकलं ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मारतोस का? लूकच्या वृत्तांतात मात्र हेरोद राजा नुसती करमणूक म्हणून प्रश्नांची सरबत्ती करतो, तेव्हा तोच येशू तोंडातून चकार शब्द काढत नाही. ज्याला उत्तर हवंच नाही, त्याच्यापुढे गप्प. ज्याच्या हातून अन्याय होतोय, त्याला प्रश्न.

पौलाचंही तसंच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो बजावतो की नुसती भांडणं उगवणारे निरर्थक वाद टाळ आणि विरोधकाला सौम्यपणे समजावून सांग. हाच पौल अंत्युखियात पेत्राला चारचौघांत फैलावर घेतो. कारण काय, तर जेवणाची पंगत! पेत्र आधी यहुदी नसलेल्या लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तसा तो हळूच त्या पंगतीतून उठायला लागला. आपल्या मेसमध्ये एखाद्या टेबलावर कोण बसतं आणि कोण उठून जातं, हे ज्याने पाहिलंय त्याला पौलाचा संताप समजेल. ज्यांच्या पानावरून पेत्र उठला, त्यांचा अपमान उघड्यावर झाला होता. म्हणून बोलणंही उघड्यावर झालं.

पण एकट्यादुकट्याची तक्रार असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय. आधी दोघांतच बोला. ऐकलं नाही तर एकदोन जणांना सोबत घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडा. हे वाचलं तेव्हा मला हापसा आठवला, मग नाश्ता आठवला, मग ग्रुपची मीटिंग आठवली. हा पठ्ठ्या पायऱ्या चढत होता आणि मी त्याला दुसरा गाल शिकवत होतो!

मी हे त्याला म्हटलं तर तो उलट ओशाळला. "नाही रे, मी शेवटची पायरी गाळली. ग्रुपमध्ये हरल्यावर सरांकडे जायला हवं होतं. पेन्सिलने लिहून मोकळा झालो. मला वाटलं मी शांती राखली. खरं तर मी घाबरलो होतो." हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गप्प बसणारा माणूस नेहमीच समंजस असतो असं नाही. कधी कधी तो फक्त भिलेला असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

हे सगळं आपल्याकडे मराठीत, मराठी माणसांनी जगून पाहिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत धर्मावर जाहीर वाद झडायचे. १८३१ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद गाजला. नंतर दोघांनीही आपापली बाजू पुस्तकरूपाने छापली. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्याच्या आठवड्याला वाद करत आणि ऐकायला गर्दी लोटायची. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादांचं पुस्तकही केलं. या वादांचा फायदा नव्हता असं मी म्हणणार नाही. हाणामारी न करता, भर गर्दीत प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकून घ्यायची सवय ही काही छोटी गोष्ट नाही. पण दोन्ही वेळा दोन्ही पक्ष आपापल्या जागी राहिले.

याच्या शेजारी एक दुसरा प्रसंग ठेवून बघा. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी वाद घातला नाही. कवितेच्या गप्पा मारल्या, जाताना नव्या कराराची प्रत हातात दिली आणि एवढं वाचा म्हणाले. टिळकांनी शब्द दिला आणि पाळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण घरात त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्यापासून त्या काही वर्षं दूर राहिल्या, नंतर एकत्र आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. जातीचा विटाळ त्यांच्या मनातून गेला तो कुणी वादात हरवल्यामुळे नाही. 'स्मृतिचित्रे' आपल्या लायब्ररीत आहे, मुळातून वाचा. नवरा-बायकोचे वाद इतक्या प्रांजळपणे आणि इतकं हसवत फार कमी ठिकाणी लिहिले गेलेत.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचं मुक्ती मिशन आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून मान खाली घालून प्रत्येक गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर गेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडक वाद चालला. प्रश्न होता स्वतःच्या सदसद्विवेकाचा, आणि तो त्यांनी कुणाच्या हवाली केला नाही. नातंही तोडलं नाही. ती पत्रं सिस्टर गेराल्डिन यांनीच जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. ज्या वादाची पत्रं समोरचा माणूस जपून ठेवतो, तो वाद कसा असेल याचा विचार करा. आपल्या किती वादांचे मेसेज कुणी जपून ठेवील?

आता शेवटचं, आणि हे खास आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात भांडणाच्या सुरुवातीला पाण्याला वाट करून देण्याची उपमा दिली आहे. म्हणून पेटायच्या आधीच थांबा, असा सल्ला. ही उपमा वाचली आणि मला कॅम्पचा पहिला दिवस आठवला. सर आम्हाला पानशेतचं धरण दाखवायला घेऊन गेले होते. आंबी नदीवरचं हे मातीचं धरण १९६१ च्या पावसाळ्यात अजून पूर्ण झालेलं नव्हतं. पाणी चढत गेलं आणि पाणी सोडायच्या मोरीवरचा बांध खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो तोलून धरला. १२ जुलैच्या सकाळी तो फुटला. खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सर म्हणाले होते, "खचायला लागल्यावर पोती रचावीच लागतात, पण खरं काम त्याच्या आधीचं असतं."

पोती रचणारे जवान गप्प बसलेले नव्हते, हेही लक्षात ठेवा. त्यांनी दिलेल्या काही तासांमुळे धरण रात्रीऐवजी दिवसा फुटलं आणि लोकांना पळायला वेळ मिळाला. वाद टाळणं म्हणजे भेग दिसत असताना तिकडे पाठ फिरवणं, असा अर्थ कुणी काढू नये. भेग दिसली की लगेच, आणि जमलं तर एकट्यात, सांगायची. पाणी सुटल्यावर कोण बरोबर होतं हे सिद्ध करण्यात काही हशील नसतं.

म्हणून हल्ली तोंड उघडायच्या आधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. मी बोललो तर मी याच्यासारखा होईन का? मी गप्प बसलो तर कुणाचं नुकसान होईल, आणि तो कुणीतरी मीच आहे का? नुकसान फक्त माझ्या मोठेपणाचं असेल तर सोडून देतो. दुसऱ्या कुणाचं असेल, तर कितीही जिवावर आलं तरी आधी त्या माणसाला एकट्याला गाठतो. प्रत्येक वेळी जमतं असं नाही. मागच्याच आठवड्यात पंख्यावरून झालं.

सुट्टीत मी पार्टनरला भोरला घेऊन गेलो. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण दाखवलं, १९२८ सालचं. त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. तो बराच वेळ तिथे बघत उभा होता. घरी आल्यावर आजीला मी सगळी हकीकत सांगितली, टोमण्यासकट. आजीने त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शब्दानं शब्द वाढतो, हे तुला लहानपणापासून सांगतेय. त्यासाठी पानशेतला जायला लागलं होय रे?"

मी उत्तर दिलं नाही.